चुन्याविना उभा तट : कुलाबा किल्ला आणि संगणकाचे गणित

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला येणाऱ्यांचे लक्ष भरती-ओहोटीच्या वेळांकडे असते; तटाच्या दरजांकडे फारसे कोणी पाहत नाही. मार्च १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी येथे काम सुरू केले. एप्रिलमध्ये महाराजांचे निधन झाले आणि किल्ला संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. तटाचे अवजड चिरे एकमेकांवर नुसते रचलेले आहेत. दरजांत चुना नाही.

ही घाई म्हणावी, तर पुरावा उलटा आहे. मुरूडसमोरचा पद्मदुर्ग त्याच दशकातला. तेथे खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत आणि मधला चुना जाळीसारखा पुढे उभा आहे. म्हणजे उत्तम चुना करणारे हात स्वराज्यात होते. मग कुलाब्याला तो का वगळला?

लाटेचे वागणे पाहिले की उत्तर सुचते. लाट आदळताना पाणी फटींत दाबाने शिरते; लाट मागे फिरते तेव्हा आत कोंडलेले पाणी चिऱ्याला बाहेर ढकलते. दरजा मोकळ्या असतील तर पाणी कोंडतच नाही. चिरा वजनाने आणि घर्षणाने टिकतो. किंचित हलतो, पुन्हा बसतो.

नेमकी हीच हालचाल आधुनिक गणिताला जड गेली. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानरचनेच्या विश्लेषणासाठी एक पद्धत मांडली. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. रचनेचे लहान तुकडे कल्पायचे, ते टोकांशी जोडायचे आणि हजारो समीकरणे संगणकाकडून सोडवायची. विमानाच्या पंखाला हे चपखल बसते. पण मूळ पद्धतीत तुकडे एकमेकांपासून सुटत नाहीत, आणि कुलाब्याचे चिरे मुळात जोडलेलेच नाहीत!

१९६८ मध्ये भेगाळ खडकांसाठी गुडमन, टेलर आणि ब्रेक यांनी ‘सांध्याचा घटक’ तयार केला. १९७१ मध्ये पीटर कंडल यांनी प्रत्येक ठोकळा सुटा धरून त्याचे सरकणे, कलणे, वेगळे होणे मोजणारी पद्धत मांडली. कोरड्या दगडी बांधकामाचे गणित तेव्हा कुठे आवाक्यात आले.

डागडुजीच्या वेळी हा फरक महागात पडू शकतो. तट एकसंध मानून हिशेब केला, तर दरजांत सिमेंट भरणे ही सुधारणा वाटते. तट नीटनेटका दिसतो, पण त्याच्या आत शिरलेल्या पाण्याची परतीची वाट बंद होते.