सुरतेचं एक जुनं देणं

पोस्ट जरा लांबली आहे. चहा घेऊन सवडीने वाचा.

मराठी माणसाची सुरतेशी पहिली गाठ पडते ती शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात. माझीही तिथेच पडली. पुढे बी.कॉम. होऊन १९७३ साली मुंबईत बँकेत लागलो, तर शेजारच्या टेबलावर साक्षात एक सुरतकर! त्याचं नाव मागे पडलं आणि आम्ही सगळे त्याला 'सुरती' म्हणू लागलो. शनिवारी हाफ डे संपला की तो संध्याकाळची फ्लाइंग राणी पकडून घरी जायचा आणि सोमवारी सकाळी गाडीतून उतरून थेट शाखेत. हातात घारीचा किंवा नानकटाईचा डबा ठरलेला. डबा उघडला की आमचा हेड कॅशियर ओरडायचा, "सुरत लुटली रे!" आणि आम्ही सगळे तुटून पडायचो. हा विनोद आम्ही तीसेक वर्षं केला. सुरती हसायचा आणि दरवेळी एकच म्हणायचा, "अरे, एकदा घरी तर या."

आम्ही कधी गेलो नाही. मुंबईपासून चार-साडेचार तासांचं अंतर, पण आज ऑडिट, उद्या मुलांच्या परीक्षा, परवा कुणाचं लग्न. शेवटी यंदाच्या जानेवारीत, सगळ्यांनी सत्तरी ओलांडल्यावर, मी, कॅशियर आणि आमच्यातला इतिहासवेडा 'मास्तर' असे तिघे निघालो. गाडी मुद्दाम फ्लाइंग राणीच घेतली. १९७९ पासून तिला डबलडेकर डबे होते, ते २०२३ मध्ये काढले. वरच्या मजल्यावर बसायची कॅशियरची हौस राहूनच गेली. रात्री साडेदहाच्या सुमारास सुरत आलं. फलाटावर मफलर गुंडाळून सुरती उभा होता.

सकाळी उठल्याबरोबर त्याने आम्हाला लोचो खायला नेलं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून वाफवायची, वर तेल किंवा लोणी, शेव, कांदा, हिरवी चटणी. खमण करताना पीठ सैल झालं, वड्या पडेनात, म्हणून लोकांनी त्याला 'लोचो', म्हणजे घोळ, म्हटलं अशी गोष्ट सांगतात. कॅशियर म्हणाला, "टॅली न झालेला खमण!" दोन प्लेटा संपल्या. 'सुरतचं जेवण आणि काशीचं मरण' ही म्हण आम्ही नुसती ऐकली होती, आता पहिला निम्मा भाग पटला.

सुरतीचं वडिलोपार्जित घर जुन्या शहरात गोपीपुऱ्यात, पण आता तो तापीपलीकडे अडाजणला राहतो. तिथून सिटीलिंकच्या बसने शहरात गेलो. बीआरटीएसची मार्गिका रस्त्याच्या मधोमध राखलेली, तिच्यात दुसरं वाहन सहसा घुसत नाही. मास्तर पुण्याचा. तो खिडकीतून बघत म्हणाला, "आपण २००६ मध्ये सुरू केली, यांनी २०१४ मध्ये." पुढे काही बोलला नाही. पुणेकर गप्प बसला की समजून घ्यावं.

चौकबाजारात तापीच्या काठावर सुरतेचा किल्ला आहे. पोर्तुगिजांच्या हल्ल्यांपासून बंदर वाचवायला गुजरातच्या सुलतानासाठी खुदावंदखानाने तो १५४६ च्या सुमारास बांधून पूर्ण केला. महापालिकेने आता त्याची छान डागडुजी करून आत संग्रहालय केलं आहे. भिंती जाडजूड, पण जीव लहान. रायगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाला तो मोठा वाडाच वाटेल.

बुरुजावर पोचताच मास्तरची गाडी सुरू झाली. शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून बसला, मुलूख उद्ध्वस्त झाला. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात त्याची बोटं छाटली, पण स्वराज्याची तिजोरी रिकामीच होती. ज्या मोगलाईने नुकसान केलं तिच्याच सगळ्यात श्रीमंत बंदरातून ते भरून घ्यायचं ठरलं. जानेवारी १६६४ मध्ये महाराज बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उतरले. सुभेदार इनायतखानाला आणि हाजी सैद बेग, विरजी व्होरा, हाजी कासम या तीन बड्या व्यापाऱ्यांना निरोप धाडला, की येऊन खंडणी ठरवा, नाहीतर शहराची गय होणार नाही. कुणी आलं नाही. इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला आणि बोलणी करायला म्हणून जो तरुण पाठवला त्याने महाराजांवरच कट्यार चालवली. पुढे जे झालं ते आपण सगळे जाणतो.

मास्तरने विरजी व्होराची ओळखही करून दिली. आम्हा बँकवाल्यांना हा माणूस जवळचा वाटला. मिरी, पोवळी अशा मालाचा प्रचंड व्यापार आणि शिवाय सावकारी. ईस्ट इंडिया कंपनीला नड पडली की ती याच्याकडून कर्ज घ्यायची. कंपनीचा लेनदार सुरतेचा एक जैन व्यापारी! हुंडी लिहून शेकडो कोसांवर पैसे मिळायचे, ते निव्वळ अशा पेढ्यांच्या शब्दावर.

मास्तर थांबला तेव्हा सुरती हळूच म्हणाला, "खरं आहे सगळं. महाराजांचं कारणही मला समजतं. आमचा सुभेदार लपला, हे तर आम्हीच सांगतो. पण तुम्ही तीस वर्षं 'सुरत लुटली' म्हणता, तेव्हा मला ते चार दिवस दिसतात. खजिना जागेवरच असतो रे, पळतात ती माणसं. पोरं काखेत घेऊन लोक नदी ओलांडून खेड्यांत गेले. आमचं कुणी तेव्हा इथे होतं की नाही, मला ठाऊक नाही. शहर तर होतं."

कुणीच काही बोललं नाही. इंग्रज-डच वखारींच्या लोकांनी जळणाऱ्या शहराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने हेही लिहिलंय, की महाराजांनी फादर अँब्रोज या पाद्र्याच्या मठाला आणि डचांच्या एका दानशूर मृत दलालाच्या घराला हात लावू दिला नाही. मास्तरने हे सांगितलं, तर सुरती म्हणाला, "तेही आम्हाला माहीत आहे." जमाखर्चाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. सुरतेच्या खात्यात मात्र मी स्वतः एकच बाजू वाचत आलो होतो. महाराजांबद्दलचा अभिमान माझा तसूभरही कमी झाला नाही. फक्त त्या शब्दाला आता माणसं चिकटली.

दुपारी कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानात गेलो. कबरी कसल्या, दुमजली घुमटांच्या इमारती! तिथे जॉर्ज ऑक्सेंडन पुरलेला आहे. १६६४ मध्ये त्याने मूठभर माणसांनिशी इंग्रजांची वखार लढवून राखली. आणि गंमत म्हणजे दहा वर्षांनी, १६७४ मध्ये, याच घराण्यातला हेन्री ऑक्सेंडन नजराणे घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. लुटीची भीती बाळगणारी कंपनी दहा वर्षांत छत्रपतींपुढे वाकून उभी राहिली. पुढे १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. आपली मुंबई वाढली, त्यात सुरतेचं नुकसान मिसळलेलं आहे.

दुसरा दिवस बाजाराचा. महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभं राहून हिऱ्यांचे सौदे चाललेले पाहिले. कागदाच्या पुड्या उघडायच्या, भिंगातून बघायचं, बोली करायची आणि माल जायचा. पावती नाही, तारण नाही. आमचा कॅशियर हबकलाच. एक नोट कमी पडली तर रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस तो. २०२३ मध्ये शहराबाहेर खजोदला हिऱ्यांचं भलंमोठं व्यापारसंकुल उभं राहिलंय, पण ही गल्ली काही ओस पडलेली नाही. चौटाबाजारात बायकोसाठी दोन साड्या घेतल्या. (रंग पसंत पडला नाही, तो विषय वेगळा.) संक्रांत तोंडावर होती, त्यामुळे रस्त्याच्या कडेला गुलाबी मांजा सुतवण्याचं काम धडाक्यात चालू होतं. एके ठिकाणी पोंक मिळाला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच! सोबत लिंबू-मिरीची शेव. नगर-सोलापूरकरांनी डोळे मिटून खाल्ला तर शेतावरच बसल्यासारखं वाटेल.

तिथून कॅशियरला उधन्याला जायचं होतं. तो मूळचा अमळनेरचा, त्याचे चुलतभाऊ तिकडे राहतात. रिक्षा केली. रिक्षावाला हँड्सफ्रीवर बोलत होता, "काय करी ऱ्हायनी माय?" कॅशियर ताडकन पुढे सरकला. अहिराणी! पोरगा शिंदखेड्याकडचा निघाला. आजोबा दुष्काळात तापी व्हॅलीच्या गाडीने आले, वडील मागावर, आणि तो स्वतः रिक्षावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही सुरत-भुसावळ लाईन झाली आणि खानदेशचा माणूस पोटासाठी पुणे-मुंबईपेक्षा सुरतेकडे जास्त सहज जाऊ लागला. लिंबायत, उधना, डिंडोली भागांत दुकानांच्या पाट्या वाचल्या तर धुळ्यात आल्यासारखं वाटतं. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. महाराजांचा तळ पडला तो शहराच्या पूर्वेकडे. नेमकी जागा सांगता येणार नाही, पण आज त्याच अंगाला मराठी माणसं साडीचं कापड विणतात. रिक्षावाल्याने कॅशियरकडून पैसे घ्यायला दहा मिनिटं नकार दिला. "काका, गावकडला माणूस शेतस तुम्ही."

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुसऱ्या रात्री सुरतीच्या गच्चीवर उंधियु आणि पुरीचा बेत होता. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. जेवणं झाल्यावर मी ती गोष्ट काढली, जी काढायला मला तीस वर्षं लागली.

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची साथ आली. चार-पाच दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. सुरती आई-वडिलांना बघायला गेला होता, तो सोमवारी नेहमीप्रमाणे शाखेत हजर. मी तेव्हा अधिकारी होतो. लोक रुमाल नाकाला लावून त्याच्यापासून लांब उभे. मी त्याला आत बोलावलं आणि पंधरा दिवस रजेवर जायला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. त्याने आणलेला डबा टेबलावर तसाच राहिला, आणि मी शिपायाला तो बाहेर टाकायला सांगितला. पुढे कळलं, की देशभरातले मृत्यू साठच्या आत होते. सुरतीला तर साधी सर्दीही नव्हती.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी चुकलो. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रजेचा अर्ज तू टाइप करूनच ठेवला होतास. मी फक्त सही केली." इतकं बारीक त्याच्या लक्षात होतं. "डबा टाकलेला मला शिपायाने सांगितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रजेहून आलो त्या दिवशी हा कॅशियर माझ्या ताटात जेवला. म्हणून मी बदली मागितली नाही."

कॅशियर म्हणाला, "मला भूक लागली होती." आणि आम्ही चौघंही हसलो.

सुरतीने मग पुढचं सांगितलं. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, अतिक्रमणं पाडली, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं. दोनेक वर्षांत घाणीसाठी बदनाम झालेलं शहर स्वच्छतेसाठी नावाजलं गेलं. २००६ मध्ये तापीचा महापूर आला, त्यातूनही उठलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिलं आलं. "आमचं गाव लुटलं जातं, बुडतं, आजारी पडतं आणि सोमवारी दुकान उघडतं," तो म्हणाला. मला ती सप्टेंबरची सोमवार सकाळ आठवली.

परतीच्या दिवशी स्टेशनवर त्याने तिघांच्या हातात घारीचे डबे दिले. मावा, सुकामेवा आणि वर तुपाचा जाड थर. १८५७ मध्ये तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी ही पहिल्यांदा केली, असं सुरतेत सांगतात. कॅशियरने सवयीने तोंड उघडलं आणि शब्द गिळला. सुरतीने ते पाहिलं.

"अरे, बोल ना," तो म्हणाला. "आता तू घरी येऊन गेलास."

कॅशियर काही बोलला नाही. त्याने डबा उघडून पहिला तुकडा सुरतीच्या तोंडात घातला. गाडी सुटली.

मी घरी आल्यावर माझा डबा रिकामा केला, धुतला आणि त्यात सौ.ने केलेल्या तिळाच्या वड्या भरून सुरतेला पाठवल्या. डबा रिकामा परत करू नये, असं आई सांगायची.

तुमच्यापैकी कुणाचं सुरतेत, उधन्यात, लिंबायतमध्ये आयुष्य गेलं असेल तर जरूर लिहा. आणि कुणी मित्र वर्षानुवर्षं 'घरी या' म्हणत असेल, तर मंडळी, जाऊन या.