सुरतेची वखार आणि मुंबईचे बंदर

सुरतेचे नाव निघताच मराठी मनाला १६६४ च्या जानेवारीतील शिवछत्रपतींची स्वारी आठवते, आणि तो अभिमान यथार्थच आहे. परंतु ज्या नगराच्या संपत्तीवर स्वराज्याच्या उभारणीसाठी महाराजांनी नजर ठेवली, त्या नगरी ती संपत्ती कोणत्या वाटांनी आली, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

तापीच्या मुखाशी वाळू साचलेली असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती सुवालीच्या पाण्यात नांगर टाकीत, आणि माल तेथून सुरतेस आणला की जकातीच्या फुर्ज्यावर त्याची झडती होई. बंदराच्या मुख्य अंमलदारास मुत्सद्दी म्हणत, हा शब्द आपल्या भाषेत राजकारणकुशल पुरुषाचे विशेषण होऊन बसला आहे. हजला निघालेले यात्रेकरू येथूनच मोख्याकडे व जेद्दाकडे निघत, म्हणून या शहरास मक्केचे द्वार म्हणत. त्यांच्या निवासासाठी शाहजहानच्या काळी, १६४४ मध्ये, बांधलेल्या मोगल सराईत आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे. १६०८ मध्ये ‘हेक्टर’ जहाजावरून विल्यम हॉकिन्स येथे उतरला, तेव्हापासून इंग्रजांनी वखारीसाठी जहांगीरच्या दरबारी खटपट आरंभिली. पुढे डचांनी आणि १६६८ मध्ये फ्रेंचांनीही येथे आपापली वखार घातली.

या सर्वांचा व्यवहार हुंडीवर आणि शब्दावर चाले. वीरजी व्होरा या एका जैन सावकाराची पत एवढी मोठी होती की खुद्द इंग्रज कंपनी त्याची ऋणको असे. महाराजांच्या स्वारीत सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून राहिला आणि शहर उघडे पडले. जी पत व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली तिच्या रक्षणाची जबाबदारी सरकारने अशी टाकून द्यावी, ही गोष्ट मला त्या लुटीहूनही अधिक उद्वेगजनक वाटते.

परदेशातून आलेल्यांपैकी कित्येक येथील मातीतच राहिले. डच दफनभूमीत मलबारचा माजी गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याची कबर आहे. तो १६९१ मध्ये वारला. मलबारच्या वनस्पतींवरील त्याच्या महाग्रंथात रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांची नागरी लिपीतील साक्ष छापली आहे, आणि त्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या लिपीच्या इतक्या जुन्या छापील नमुन्याचा धनी तापीकाठी निद्रिस्त असावा, हे कळल्यावर त्या जुन्या घुमटांकडे मी परक्याच्या दृष्टीने पाहू शकत नाही. इंग्रजांच्या दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झेंडन पुरला आहे, ज्याने १६६४ मध्ये वखारीचा बचाव केला.

हाच ऑक्झेंडन मुंबईच्या कंपनी-कारभाराचा पहिला प्रमुख झाला. १६६८ मध्ये कंपनीने वार्षिक १० पौंड भाड्याने घेतलेले ते बेट आरंभी सुरतेच्या वखारीच्या ताब्यात होते, आणि ऑक्झेंडननंतर प्रमुख झालेल्या जेराल्ड ऑन्जियरने सुरतेचे वाणी, पारशी व आर्मेनियन व्यापारी तेथे वसण्यास यावेत म्हणून धर्माचरणाच्या व व्यापाराच्या सवलती दिल्या. १६८७ मध्ये कंपनीचे मुख्य ठाणेच तिकडे हलले. मग एका कारागिराचीही पाळी आली: सुरतेच्या गोदीतील पारशी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया यास १७३६ च्या सुमारास मुंबईस नेण्यात आले, आणि १७५० मध्ये तेथे सुकी गोदी बांधली गेली.