घरपोच सौंदर्यसेवा : दरांचे गणित

ग्राहकाच्या घरी जाऊन फेशियल, वॅक्सिंग वा वधूचा मेकअप करणाऱ्या ब्युटिशियनला गाळ्याचे भाडे नसते. म्हणून तिचे दर पार्लरपेक्षा कमीच हवेत, हा समज फसवा आहे. कोल्हापूरहून इचलकरंजीला जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर पडतात. तासाभराच्या कामासाठी प्रवास व मांडामांड धरून अडीच-तीन तास मोडतात. तेवढ्या वेळात दुसरे गिऱ्हाईक होत नाही. साहित्य, पेट्रोल आणि या सर्व तासांची मजुरी मिळून खरा दर ठरतो. शहराबाहेरचा प्रवासखर्च आधीच वेगळा सांगितलेला बरा, कारण घासाघीस तिथेच होते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असल्यास २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ऐवजी ५ टक्के कर लागतो. मात्र क्रीम-किटवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो दरातच धरावा लागतो.