उसनी चाल, स्वतःचे शब्द : नामांतरकाळातील भीमगीते आणि समीक्षेचे मौन

दलित साहित्याच्या इतिहासाची आज रूढ झालेली मांडणी ही मुख्यतः छापील पृष्ठाची मांडणी आहे. १९५८ चे दादर येथील पहिले दलित साहित्य संमेलन, ‘अस्मितादर्श’ने उभा केलेला लेखकवर्ग, १९७२ या एकाच वर्षी अवतरलेले ‘गोलपिठा’ आणि दलित पँथर, १९७४ चा ‘कोंडवाडा’, १९७८ चे ‘बलुतं’ असे टप्पे तिने निश्चित केले आहेत आणि ते चुकीचे नाहीत. पण याच वर्षांत, याच समाजात, या सर्व पुस्तकांच्या एकत्रित वाचकवर्गाहून कितीतरी मोठ्या समूहापर्यंत पोचलेला एक शब्दव्यवहार तिच्या कडेला पडून राहिला. तो भीमगीतांचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे स्थूलमानाने नामांतर आंदोलनाच्या काळात, गायन पार्ट्यांनी, कव्वालीच्या सामन्यांनी आणि पुढे कॅसेटनी हा व्यवहार वस्त्यावस्त्यांत नेला. समीक्षेने त्याची नोंद घेतली ती ‘चळवळीचे प्रचारसाधन’ म्हणून. वाङ्मय म्हणून त्याचा विचार अपवादानेच झाला.

या संगीताला ‘भूमिगत’ म्हणावे काय, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सोव्हिएत रशियात व्लादिमीर व्हिसोत्स्की किंवा अलेक्सांद्र गालिच यांची गाणी घरगुती ध्वनिफितींवरून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात. तेथे गाणे दडवावे लागे, कारण ते ऐकणारी सत्ता जागरूक होती. भीमगीताची स्थिती नेमकी उलटी. ते १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी कर्ण्यावरून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाजत आले आहे. दडलेले ते कधीच नव्हते. न ऐकण्याची तजवीज मात्र पूर्ण होती. एखादे गाणे गावभर घुमत असताना गावातील अर्ध्याअधिक घरांना आणि विद्यापीठातील मराठी विभागांना ते ऐकू न येणे, हाही भूमिगततेचाच एक प्रकार मानला पाहिजे. हे न ऐकणे नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर वाजलेली भीमगीताची धून हे त्या भांडणाचे निमित्त होते, असा आरोप तेव्हा झाला होता.

मुंबईच्या चाळी हे या गीताचे एकमेव जन्मस्थान मानण्याची सवय सोडून वऱ्हाडाकडे पाहिले तर इतिहासाचा आकार बदलतो. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याचा पायथा आणि पूर्णा नदी यांच्यामधल्या खारपाणपट्ट्यात संग्रामपूर तालुका आहे. वरवट बकाल आणि पातुर्डा ही दोन्ही गावे त्याच तालुक्यातील. पातुर्डा येथे मे १९२९ मध्ये भरलेल्या अस्पृश्यवर्गीयांच्या परिषदेस आंबेडकर उपस्थित होते आणि धर्मांतराचा विचार तेथे उघडपणे बोलला गेला. येवल्याच्या घोषणेच्या सहा वर्षे आधी. विदर्भात किसन फागू बनसोडे यांनी त्याहीपूर्वीपासून पद्यरचना आणि जलसा ही प्रबोधनाची साधने म्हणून हाताळली होती. म्हणजे ग्रंथव्यवहाराच्या केंद्रांपासून दूर असलेल्या वरवट बकालसारख्या गावांच्या परिसरात विचार आला तो सभेतून आणि गाण्यातून. पुस्तक नंतर आले. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून निघालेला नामांतराचा लाँगमार्च याच जिल्ह्याच्या दक्षिण सीमेकडे, खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला आणि तेथे लाठीहल्ला झाला. उत्तरेची पूर्णा तापीला मिळते, दक्षिणेची खडकपूर्णा गोदावरीला. एकाच जिल्ह्यातील या दोन नदीखोऱ्यांत आंबेडकरी इतिहासाचे दोन प्रसंग पन्नास वर्षांच्या अंतराने घडले आणि दोहोंच्या मध्ये गाण्यांची एक अखंड परंपरा उभी आहे.

या परंपरेचे पूर्वरूप म्हणजे जलसा. सत्यशोधकी जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातील आशय पालटला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीसच्या दशकापासून तो आंबेडकरी विचारासाठी वापरला. गणातील देवतास्तवन गेले, गवळणीची जागा दुसऱ्या संवादांनी घेतली, वगात सावकार आणि पाटील आले. कर्डकांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ आणि कृष्णा किरवले यांचे ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ ही पुस्तके या इतिहासाची मुख्य साधने होत. धर्मांतरानंतर जलसा ओसरत गेला. त्याला दहा-बारा माणसे, सोंगे आणि रात्रभराचा वग लागे. गायन पार्टीला हार्मोनियम, ढोलक, बेंजो, एक गायक आणि मागे झील धरणारे चार आवाज पुरत. शिवाय कव्वालीचा दुय्यम सामना होता: दोन पार्ट्या, बहुधा एक गायक आणि एक गायिका, समोरासमोर बसून पहाटेपर्यंत एकमेकांना प्रश्न घालीत आणि उत्तरे देत. कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब, तमाशाची हजरजबाबी आणि दर्ग्यातील कव्वालीची टाळी यांचा हा संकर होता. ऐंशीच्या दशकात भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावर महाराष्ट्रात एवढी चर्चा झाली, पण बौद्ध गायक उर्दू वळणाच्या कव्वालीत मराठी शब्द गातो ही घटना त्या चर्चेच्या कोणत्याच बाजूला सोयीची नव्हती. ती देशी म्हणावी तर शुद्ध नव्हती आणि परकी म्हणावी तर वस्तीत रुजलेली होती.

वामनदादा कर्डक यांच्याकडे या दृष्टीने पाहावे लागते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मिळेल ती मजुरी करीत राहिला आणि अक्षरओळख त्याला प्रौढ वयात झाली. १९४३ मध्ये त्याने पहिले गीत रचले तेच एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह निघाले तोवर त्याची गीते तीन दशके गायली जात होती. छपाई येथे निर्मितीच्या मागून, जवळजवळ पावती म्हणून येते.

समीक्षेचा मुख्य आक्षेप चालीवर आहे. चाल सिनेमाची, मग रचना दुय्यम, असे हे अनुमान. त्यातील दुटप्पीपणा संगीत नाटकाच्या इतिहासाशेजारी ठेवताच दिसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील पदे साकी, दिंडी, लावणी आणि कर्नाटकी वळणाच्या प्रचलित चालींवर बांधलेली होती. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांतील कितीतरी पदांमागे हिंदुस्थानी बंदिशी उभ्या आहेत. तेथे उसन्या चालीला कोणी उसनवारी म्हणत नाही. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांची रसिकता म्हणतात, आणि ते योग्यच आहे. ख्यालाची बंदिश घेतली तर संस्कार आणि चित्रपटाची धून घेतली तर अनुकरण, या निवाड्यामागे संगीताचे कोणतेही तत्त्व नाही. चाल कोणाच्या घरून आणली एवढाच प्रश्न त्यात विचारला जातो.

चित्रपटगीताच्या चालीने येथे नेमके काय काम केले? स्वरलिपी न जाणणाऱ्या गायकाला आणि अक्षर न ओळखणाऱ्या श्रोत्याला ती आधीच पाठ होती. रेडिओने ती सर्वांच्या कानावर घातली होती आणि तिला हात लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती. ज्या समाजाला सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्याला स्वातंत्र्योत्तर काळात जी थोडी निर्वेध सार्वजनिक मालमत्ता मिळाली तीत सिनेमाची चाल मोडते. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये युगोस्लाव्ह गायकांच्या संदर्भात दाखवून दिले की मौखिक कवी तयार सूत्रांच्या आधारे गाता गाता रचतो. भीमगीतात सूत्राचे हे काम बऱ्याच अंशी चाल करते. तिच्यातील मात्रा आणि यमकांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे सामन्यात समोरच्याचा प्रश्न ऐकत असतानाच उत्तराचा साचा तयार होतो. याहून महत्त्वाचे म्हणजे श्रोता एकाच वेळी दोन गाणी ऐकत असतो. मूळ गीतातील प्रियकराची आळवणी त्याच्या स्मरणात असते आणि तिच्या जागी चवदार तळे, संविधान किंवा खडकपूर्णेचा पूल येऊन बसलेला असतो. या दोहोंतील ताणातून कधी उपरोध, कधी उंची निर्माण होते. छापील संग्रहात नुसते शब्द वाचणाऱ्या समीक्षकाला यांतील एकच गाणे मिळते, आणि मग ते त्याला सपाट वाटते. सपाटपणाचा हा अनुभव खरा असतो. तो रचनेच्या माथी मारणे मात्र चूक.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आंबेडकरी विचारवंतांकडूनच आला. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आणि भीमगीतातील फार मोठा भाग तर स्तवनाचाच आहे. पाळणे आहेत, आरतीच्या वळणाची पदे आहेत, जुन्या भक्तिगीतातील देवाच्या नावाच्या जागी नवे नाव घातलेल्या रचनाही आहेत. कॅसेटचा धंदा भरभराटीला आल्यावर तर ठरीव विशेषणांची ही भरताड असह्य झाली. या साऱ्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण निवड करण्याचे काम समीक्षेचे असते आणि तिने ते केले नाही. सरसकट दुर्लक्षाला कठोर निकष म्हणता येत नाही. रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीवर, सत्तेच्या वळचणीला गेलेल्या पुढाऱ्यांवर वामनदादांनी केलेली टीका, भांडवलदारांच्या संपत्तीत श्रमणाऱ्याचा वाटा मागणारी त्यांची रचना, स्त्रीच्या मुखी घातलेली त्यांची गीते ही स्तवनाच्या साच्यात बसत नाहीत. १९९३ साली वर्धा येथील पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ही चळवळीने आपल्या बाजूने केलेली दुरुस्ती होय. विद्यापीठीय समीक्षेला तेवढीही घाई नव्हती.

कॅसेटने या परंपरेला जे दिले आणि जे तिच्याकडून घेतले त्याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीवरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात दाखवले त्याप्रमाणे, स्वस्त ध्वनिफितीने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, जातीय, स्थानिक आवाजांना बाजारात जागा मिळाली. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, वैशाली शिंदे यांचे आवाज घरोघर गेले. प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण बोलके आहे: त्यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी साऱ्या महाराष्ट्राने आपली मानली, त्याच गळ्यातून आलेली भीमगीते मात्र वस्तीची राहिली. आवाज एकच, पण त्याच्या श्रवणाला जातीची सीमा होती.

फितीने सामन्यातील पहाटेपर्यंत लांबत जाणारे गाणे पाच-सहा मिनिटांत बसवले. श्रोत्यांच्या मागणीनुसार वाढणारी कडवी गेली, समोरच्या पार्टीचा प्रश्न गेला आणि उत्तर तेवढे उरले. वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे झाले, गीतकाराचे नाव बारीक होत गेले. पुढे सीडी आणि एमपी-थ्रीच्या संकलनांत तर ते पुष्कळदा गळालेच. अशा वेळी रचनाकाराचे कर्तृत्व ज्या एका गोष्टीने टिकवले ती म्हणजे शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा. संतांच्या अभंगातून आलेली ही प्रथा भीमगीताने सोडली नाही. ‘वामन’ हे नाव कडव्याच्या यमकात आणि मात्रांत असे गुंफलेले असते की ते काढले तर चाल लंगडते. कायद्याने जे संरक्षण दिले नाही ते छंदाने दिले.

या गीतांचे संपादन करायचे झाल्यास तीन प्रकारची साधने हाती येतात: गायकांच्या हस्तलिखित वह्या, जयंतीच्या आणि दीक्षाभूमीच्या गर्दीत विकल्या जाणाऱ्या पातळ चोपड्या, आणि कॅसेट. तिन्हींचे पाठ जुळत नाहीत. गायक गावागणिक नाव बदलतो, ताज्या घटनेचे कडवे घालतो, नको ते गाळतो. पण पाठभेद ही मराठी संशोधनाला अपरिचित गोष्ट नव्हे. शंकर पांडुरंग पंडित यांनी एकोणिसाव्या शतकात तुकारामाच्या गाथेचे संपादन केले तेव्हापासून अशा प्रश्नांवर या भाषेत विपुल लेखन झाले आहे. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला त्यात आंबेडकरांवरील ओव्याही आहेत, आणि त्या गाणारीच्या नावगावासह नोंदल्या गेल्या. भीमगीताला असा संग्राहक मिळाला नाही. चुंबकीय फितीचा लेप उन्हाने आणि दमटपणाने सुटत जातो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातील कपाटात ठेवलेल्या फितीला किती आयुष्य असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

एक प्रवाह या साऱ्याला समांतर, आणि शब्दशः भूमिगततेच्या अधिक जवळ वाहत होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा वारसा सांगणाऱ्या ‘आव्हान नाट्य मंचा’ने ऐंशीच्या दशकात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गाणी नेली. विलास घोगरे त्याच मंचाचे शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या अनुबोधपटात त्यांचा आवाज आहे. वर्ग की जात, लाल की निळा, हा वाद लेखकांच्या शिबिरांतून आणि नियतकालिकांतून वर्षानुवर्षे चालला. घोगरे यांच्या गाण्यात दोन्ही भाषा शेजारी नांदत होत्या, मात्र संघटनेत तसे नांदता आले नाही आणि त्यांना तीतून बाहेर पडावे लागले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चार दिवसांनी घोगरे यांनी आपल्या झोपडीत आत्महत्या केली. त्या वेळी त्यांनी डोक्याला निळे फडके बांधलेले होते. पटवर्धन यांनी पुढची चौदा वर्षे जमवलेल्या चित्रीकरणातून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट झाला आणि त्यात या गायकांची, वस्त्यांमधल्या बैठकींची, जयंतीच्या मंचांवरील आवाजांची जी नोंद झाली आहे तेवढी मराठीतील एकाही वाङ्मयेतिहासात सापडत नाही.