निवृत्त सेनाधिकारी आणि आकाशविद्या

अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेचा 1897 साली जेथून प्रारंभ झाला, त्या कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहून विमानविद्येचे चिंतन करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु या मुलखातील कित्येक मुलांना यंत्रविद्येचे दर्शन घडले ते या अरुंद रुळांवर, हे विसरता येत नाही.

रुळांवरून आकाशाकडे वळायचे तर मुलांसाठी वाट होती छात्रसेनेची: हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून 1948 च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि 1 एप्रिल 1950 रोजी मुंबई व कलकत्ता येथे एकेक तुकडी उभारून तिच्या हवाई शाखेचा आरंभ झाला. अशा हवाई शिक्षणात, पंख हवेला खाली लोटतो म्हणूनच विमान वर उचलले जाते, हे तत्त्व पाठ करण्यापेक्षा हलक्या लाकडाची प्रतिकृती स्वहस्ते उडवून ज्या मुलाला कळले, त्याचे शिक्षण मला अधिक सार्थ वाटते.

असे शिक्षण देणार कोण, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने शाळकरी छात्रांच्या शिक्षणासाठी निवृत्त अधिकारी नेमण्याची मुभा मिळाली, व 1966 पासून वायुदलाच्या छात्रपथकांत ते अंतराळ-विमानशास्त्र शिकवू लागले. आपल्याकडे मात्र शाळेतील हा भार मुख्यत्वे शिक्षकांनीच, अध्यापन सांभाळून, छात्रसेनेचे अधिकारी म्हणून वाहिला, आणि त्यांच्या श्रमांची दप्तरी नोंद फार त्रोटक राहिली याची मला मनस्वी खंत आहे.

निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या अनुभवाचा लाभ महाराष्ट्राने निराळ्या मार्गाने घेतला: 1977 साली औरंगाबादेस राज्य सरकारने सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली, जेथे दहावी उत्तीर्ण मुले अकरावी-बारावी करता करता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करतात.