घोड-भीमेची वाळू आणि बाहेरून येणारा धातू



लहानपणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एक उद्योग केला असेल. जुन्या लाऊडस्पीकरातला लोहचुंबक काढायचा, दोरीला बांधायचा आणि नदीच्या वाळूतून ओढत न्यायचा. शिरूरची घोड असो की दौंडची भीमा, चुंबकाला लगेच काळ्या कणांच्या मिशा फुटायच्या. ते कण आम्ही काडेपेटीत जपून ठेवायचो. आज त्या काडेपेटीपासूनच सुरुवात करू.

कारण सध्या एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. वाहन कारखानदार हवालदिल झाले. भारताच्या किनाऱ्यावरच्या वाळूत हे धातू आहेत, अशा बातम्या आल्या. मग लोक विचारतात, ‘आमच्या भीमेच्या वाळूत काय आहे हो?’

उत्तर खडकात आहे. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये म्हणजे एकूण १७ धातूंचं कुटुंब. वाळूत ती प्रामुख्याने मोनाझाइट नावाच्या जड खनिजातून येतात, आणि मोनाझाइटचं माहेर म्हणजे ग्रॅनाइटसारखे जुने खडक. आपला काळा पाषाण वेगळा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. त्यात लोह आहे, टायटॅनियम आहे, मोनाझाइट मात्र नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या चुंबकाला चिकटायचं ते मॅग्नेटाइट.

सह्याद्रीच्या पलीकडेही हाच पाषाण झिजतो. म्हणून रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्याच्या उपसागरात काळी वाळू सापडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला आहे. तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. गंमत अशी, की या काळ्या वाळूतल्या टायटॅनियमपासून भिंतीचा पांढरा रंग बनतो. भीमा उगम पावते ती भीमाशंकरला, अगदी कोकणच्या कड्याजवळ. पण ती पूर्वेला वळली, आणि तिची वाळू आपल्या वाट्याला आली.

खरं मोनाझाइट दक्षिणेत. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं. तेव्हा मागणी होती थोरियमची, गॅसबत्तीच्या मेंटलसाठी. थोरियम ऑक्साइड आणि त्यात जवळपास एक टक्का सिरियम, एवढ्यावर तो लख्ख पांढरा उजेड पडायचा. आपल्या गावांतल्या वराती आणि तमाशाचे फड ज्या बत्त्यांच्या उजेडात रात्रभर चालले, त्यांच्या मेंटलमागे अशीच समुद्राची वाळू होती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, आणि १९५२ मध्ये केरळात अलवाये येथे मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. आपल्याकडे सिरियम गेलं, पण आलं ते तयार मेंटल होऊन.

आता थोडं मागे, तीन-साडेतीन हजार वर्षं मागे जाऊ. शिरूर तालुक्यात घोडकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या युगाला आपण ताम्रपाषाणयुग म्हणतो. पण तांबं सापडलं थोडं, मणी, बांगड्या, छिन्नीसारख्या मोजक्या वस्तूंपुरतं. कारण आपल्या पाषाणात तांब्याचं खनिज नाही, ते बाहेरूनच आणावं लागे. रोजच्या कामाला पाती होती कॅल्सेडनी दगडाची. हा दगड याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतो आणि नदीच्या गोट्यांत मिळतो. म्हणजे आज ज्याला आपण ‘अत्यावश्यक धातू’ म्हणतो, तशी स्थिती तेव्हा तांब्याची होती. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी नदीच्या दगडावर संसार चालायचा.

आज तेच चित्र रांजणगावला दिसेल. इनामगावच्याच तालुक्यात आज मोटारी आणि घरगुती यंत्रं बनतात. अशा यंत्रांच्या अनेक मोटरींत निओडिमियमचं चुंबक असतं, आणि ते बहुतेक चीनमधून येतं. पात्याची जागा यंत्राने घेतली, तरी धातू अजून बाहेरचाच.

मग इनामगाव उठलं कशाने? तांबं संपलं म्हणून नव्हे. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडं होत गेलं. तिथल्या लोकांनी दगडी बांध घातला, पाट काढला, पुराचं पाणी वळवलं. पण अखेर पाण्याने साथ सोडली आणि शेवटच्या काळात गाव गरीब होत गेलं.

आणि म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येऊ. आपल्या वाळूत काय आहे? पाणी आहे. वाळूचा थर पुराचं पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना हळूहळू देतो. तो थर गेला की नदी वाहून जाते आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या वाळू उपशालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. २०२३ मध्ये राज्याने ब्रासला ६०० रुपये दर ठरवला, २०२५ मध्ये धोरण बदलून कृत्रिम वाळूला उत्तेजन दिलं. इकडे भीमेत बेकायदा यांत्रिक बोटी येतात, महसूलचं पथक जिलेटिन लावून त्या उडवतं, आणि पुन्हा नव्या येतात. वर धरणं असल्यामुळे नवी वाळू पूर्वीसारखी येतही नाही.

सहाशे रुपये ब्रास हा २०२३ मध्ये उचललेल्या वाळूचा भाव होता. नदीत राहिलेल्या वाळूचा भाव कुणी काढलेला नाही. निओडिमियम आज ना उद्या कुठून तरी आणता येईल, तांबंही आलंच होतं. भीमेची वाळू मात्र बाहेरून आणता येणार नाही.