तळटीप : आश्रमातल्या पंगती

* आश्रमातल्या मुलांना वाढदिवसाला किंवा वर्षश्राद्धाला जेवण घालण्याची रीत जळगाव-धुळ्याकडे आजही आहे. देणाऱ्यांची माया खरीच असते. पण बालगृहातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. वैधव्य, दीर्घ आजार, चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणारं बिऱ्हाड, अशा कारणांनी मूल संस्थेत येतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने संस्था हा शेवटचा उपाय ठरवला आहे.

मूल आजीकडे किंवा मामाकडे परत पाठवायचं तर बालकल्याण समितीचा आदेश लागतो. त्याआधी कुणीतरी शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावर जाऊन घर पाहायचं, आजीशी निवांत बोलायचं, मूल परतल्यावरही वरचेवर भेटायचं. नेमक्या या कामासाठी देणगी मागितली की हात आखडतात. खोलीवर नाव कोरता येतं, भेटीवर नाही. बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, ‘मिशन वात्सल्य’च्या प्रायोजकत्वातून ४,०००. मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे यांच्यामधले महिने घराला फार जड जातात. तिथे दात्याने किराणा, शाळेचा खर्च, आईला शिलाई मशीन द्यावं.

२००० साली सुरू झालेल्या मिरॅकल फाउंडेशनने आधी भारतातल्या अनाथाश्रमांनाच मदत केली, पुढे आपला भर मुलांना कुटुंबात परत नेण्यावर आणला. खानदेशातल्या दात्यांनीही बालगृहाचा हात एकाएकी सोडू नये. तिथल्याच समाजकार्यकर्त्याचा पगार आणि प्रवासखर्च उचलावा. – संपा.